कुत्र्याचा आयएमएचए : उपचारांच्या काळात विचारले जाणारे प्रश्न

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाल रक्तपेशींना परकं समजून त्या फोडते. डॉक्टर याला ‘इम्यून मीडिएटेड हिमोलिटिक अ‍ॅनिमिया’ किंवा थोडक्यात आयएमएचए म्हणतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि त्यातला मोठा भाग घरीच पार पडतो, म्हणून इथे घरच्या गोष्टींवर भर दिला आहे. औषधांचे आकडे तुमच्या हातातली चिठ्ठी तुम्हाला समजावी म्हणून दिले आहेत. त्यावरून आपल्या मनाने डोस ठरवू नका.

परवापर्यंत धावत होता, आज उठत नाही. एवढ्या लवकर असं कसं होतं?

लाल पेशी फुटण्याचा वेग बोनमॅरोच्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मज्जेच्या, नवीन पेशी बनवण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला, की दोन-तीन दिवसांत रक्त निम्म्यावर येऊ शकतं. निरोगी कुत्र्याचा पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींनी व्यापलेला भाग, साधारण ३७ ते ५५ टक्के असतो. आयएमएचएचे कुत्रे अनेकदा १५ किंवा त्याहून कमी पीसीव्ही घेऊन दवाखान्यात येतात. पेशी फुटल्याने बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, वाढतं आणि डोळ्यांचा पांढरा भाग व कानांची आतली बाजू पिवळी पडते. लघवी गडद नारिंगी किंवा चहासारखी होते. पेशी रक्तवाहिनीतच फुटत असतील तर ती लालसर दिसते. काही कुत्रे माती किंवा भिंतीचा चुना चाटू लागतात. हे लक्षण घरच्यांना आठवड्याभरापूर्वीच दिसलेलं असतं, पण ते सवय म्हणून सोडून दिलं जातं.

हा गोचिडताप आहे की आयएमएचए? दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात.

दोघंही बरोबर असू शकतात. आपल्याकडे हा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये. गोचिडांमार्फत पसरणारा बबेसिया गिब्सोनी हा परजीवी लाल पेशींत राहतो, आणि त्यातूनच प्रतिकारशक्ती बिथरून आयएमएचए सुरू होऊ शकतो. गोचिडांतूनच येणारा अर्लिकिया हा जंतूही तपासावा लागतो. महाराष्ट्रात गोचिडांचा सुळसुळाट जवळपास वर्षभर असतो, त्यामुळे ‘आमचा कुत्रा घरातच असतो’ हे कारण पुरेसं नाही. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, खाटेखाली आणि पायपुसण्यातही राहते.

बबेसिया गिब्सोनी आकाराने फार बारीक असतो, त्यामुळे काचपट्टीवर दिसला नाही म्हणून तो नाहीच असं धरता येत नाही. कानाच्या टोकाच्या रक्ताची काचपट्टी केली तर तो सापडण्याची शक्यता थोडी वाढते, पण खात्रीसाठी पीसीआर, म्हणजे परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी, चाचणी हवी. हा नमुना शक्यतो औषधं सुरू होण्याआधी घ्यावा. कुत्रा गंभीर असेल तर अहवालाची वाट पाहत स्टिरॉइड, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं प्रेडनिसोलोन, थांबवत नाहीत. नमुना घेऊन उपचार सुरू करतात.

संसर्ग सापडला तर दोन्ही उपचार एकत्र चालतात. बबेसिया गिब्सोनीवर अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही जोडी १० दिवस देतात. यातलं अ‍ॅटोव्हाक्वोन स्निग्ध जेवणाबरोबर दिलं तरच नीट शोषलं जातं. अर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस असतं. डॉक्सिसायक्लिनची गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, म्हणून ती खाण्यासोबत द्या आणि मागून सिरिंजने ५ ते १० मिली पाणी पाजा. दूध-दह्यात मिसळून देऊ नका, कारण कॅल्शियममुळे शोषण कमी होतं.

पावसाळ्यात मुंबई आणि कोकणात लेप्टोस्पायरोसिसही कावीळ घेऊन येतो. डॉक्टरांनी त्याची तपासणी सांगितली तर ती टाळू नका.

निदान पक्कं कशावरून होतं?

एकाच चाचणीवरून नाही. काचपट्टीवर एक थेंब रक्त आणि चार थेंब सलाईन मिसळूनही पेशींचे गठ्ठे सुटत नसतील तर तो मोठा पुरावा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली स्फेरोसाइट, म्हणजे मधला फिकटपणा गेलेल्या गोल लहान पेशी, दिसतात. शंका उरली तर कूम्ब्स चाचणी करतात, म्हणजे लाल पेशींना चिकटलेली प्रतिपिंडं शोधतात. सोबत पोटाची सोनोग्राफी आणि एक्स-रे सांगितले जातात. प्लीहेत किंवा इतरत्र गाठ नाही ना, हे त्यात पाहतात. कुत्र्याने जस्ताची एखादी वस्तू गिळली असेल तर तीही एक्स-रेत दिसते. जस्ताच्या विषबाधेतही लाल पेशी फुटतात, पण तिथे उपचार वेगळा असतो.

अहवालात नेमकं काय पाहायचं?

आधी पीसीव्ही पाहा. पण मशीनने काढलेला हिमॅटोक्रिट (म्हणजे लाल पेशींचा तोच भाग) आणि नळी फिरवून मोजलेला पीसीव्ही यांत फरक पडू शकतो. पेशींचे गठ्ठे असतील तर मशीन ते चुकीचं मोजतं, म्हणून फिरवून मोजलेला आकडा मागा आणि दरवेळी एकाच ठिकाणी तपासा. फक्त हिमोग्लोबिन दिलं असेल तर त्याला तीनने गुणा. हिमोग्लोबिन ७ म्हणजे पीसीव्ही साधारण २१.

दुसरा आकडा रेटिक्युलोसाइटचा, म्हणजे नवीन तयार झालेल्या पेशींचा. रक्त घटल्यावर बोनमॅरोला जोर धरायला तीन ते पाच दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या दिवशी हा आकडा कमी दिसला तर लगेच खचून जाऊ नका. तिसरा आकडा प्लेटलेटचा. तो ३०,००० च्या खाली असेल तर गुठळी रोखणाऱ्या औषधाचा निर्णय बदलतो.

एका साध्या वहीत तारीख, वजन, पीसीव्ही, प्लेटलेट, बिलिरुबिन, एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि त्या दिवशीचा डोस असे रकाने आखा. डॉक्टर बदलले किंवा रात्री आणीबाणी आली तर ही वही फाइलपेक्षा लवकर उपयोगी पडते.

रक्त चढवल्याने प्रतिकारशक्ती आणखी भडकते असं ऐकलं. खरं का?

या भीतीपोटी रक्त लांबवू नये. दिलेल्या पेशीही काही प्रमाणात फुटतात, पण औषधं लागू पडेपर्यंत मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत राहतो. निर्णय फक्त पीसीव्हीवर होत नाही. कुत्रा धापा टाकतोय का, उभं राहता येतंय का, घसरण किती वेगाने आहे, हे सगळं पाहतात.

हिशेब साधा आहे. दर किलो वजनामागे २ मिली पूर्ण रक्त दिलं की पीसीव्ही साधारण १ टक्क्याने वाढतो. २० किलोच्या कुत्र्याचा पीसीव्ही १२ वरून २२ वर न्यायचा तर जवळपास ४०० मिली, म्हणजे एका मोठ्या दात्याची एक पिशवी लागते. पिशवी उघडल्यावर रक्त चार तासांत संपवायचं असतं.

दाता शोधताना या गोष्टी विचारा: वजन २५ किलोच्या वर, वय एक ते आठ वर्षं, लसीकरण पूर्ण, त्याला स्वतःला कधी रक्त चढवलेलं नाही, गाभण नाही, अंगावर गोचिडा नाहीत. त्यानंतरही दात्याची बबेसिया आणि अर्लिकियासाठी तपासणी हवीच. वरून धडधाकट दिसणारा दाता हे जंतू रक्तात बाळगून असू शकतो, आणि स्टिरॉइडवरच्या कुत्र्याला ते महागात पडतं.

पहिल्या वेळी कुत्र्यांमध्ये तीव्र प्रतिक्रिया कमी दिसतात. पण पहिल्या रक्ताला चार दिवस उलटून गेल्यावर पुन्हा द्यायचं तर क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का याची तपासणी, आवश्यक आहे. रक्त चालू असताना तोंड सुजणं, थरथर, उलटी, ताप किंवा लाल लघवी दिसली तर तिथल्या तिथे सांगा.

लहान दवाखान्यात ही सोय नसते. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, सातारा जिल्ह्यात शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी शिकवणी रुग्णालयं आहेत. निघण्यापूर्वी फोन करून दाता सोबत आणायचा का ते विचारा.

प्रेडनिसोलोनचा डोस खूप मोठा वाटतो. कमी करून चालेल का?

सुरुवातीला तो मोठाच हवा. प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी साधारण २ ते ३ मिलिग्रॅम प्रति किलो प्रतिदिन लागतो. खाजेसाठी देतात त्यापेक्षा हा डोस बराच जास्त आहे. २५ किलोपेक्षा जड कुत्र्यांत वजनाऐवजी शरीराच्या पृष्ठभागावरून मोजतात आणि तो किलोमागे कमी येतो. तुमच्या लॅब्रॅडॉरचा डोस शेजारच्या पगच्या हिशेबाने कमी भासला तर कारण हेच.

यातली मोठी चूक म्हणजे कुत्रा टुणटुणीत दिसला की गोळ्या थांबवणं. दोन गोष्टी एकदम बिघडतात. एक, आजार उलटतो, आणि उलटलेला आजार आवरणं जास्त कठीण असतं. दोन, बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवलेलं असतं. अचानक बंद केलं तर उलट्या, प्रचंड अशक्तपणा, अगदी कोसळण्यापर्यंत वेळ येते.

अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिनने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पीसीव्ही ३० च्या वर दोन आठवडे स्थिर राहिला आणि बिलिरुबिनसारखे आकडे सुधारले, की डोस साधारण एक चतुर्थांशाने कमी करता येतो. मग दर तीन आठवड्यांनी, पीसीव्ही तपासूनच, आणखी एक पायरी उतरायची. २० किलोच्या कुत्र्यात हा उतार काहीसा असा दिसतो: ४० मिलिग्रॅम, मग ३०, २२.५, १७.५, १२.५, १०, ७.५, ५. प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध सोबत असेल तर स्टिरॉइड लवकर उतरवता येतं. एकूण उपचार साधारण चार ते आठ महिने धरून चला.

क्रम लक्षात ठेवा: आधी रक्त तपासायचं, मग डोस कमी करायचा. रविवार आहे, लॅब बंद आहे, म्हणून ‘कमी करून बघू, सोमवारी तपासू’ असं करू नका. त्यापेक्षा जुना डोस दोन दिवस जास्त चालू राहिला तर नुकसान होत नाही.

गोळी दिली आणि त्याने उलटी केली. पुन्हा द्यायची का?

उलटीत अख्खी गोळी दिसली तर डॉक्टरांना विचारून पुन्हा देता येते. दिसली नाही, किंवा अर्धा तास उलटून गेला असेल, तर अंदाजाने दुसरी देऊ नका. दिवसभर काहीच टिकत नसेल तर इंजेक्शन घ्यायला जावं लागेल. स्टिरॉइड चुकलं तर ‘उद्या बघू’ हे उत्तर नाही.

त्याला सतत भूक, सतत तहान, घरभर लघवी. काय करायचं?

स्टिरॉइडमुळे हे होतंच, डोस उतरला की कमी होतं. पाणी कधीही तोडू नका. गोळी सकाळी देण्याची परवानगी मिळाली तर रात्रीची लघवी थोडी आवरते. झोपण्याआधी आणि पहाटे एक फेरी वाढवा, गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं किंवा पॅड टाका, आणि त्याला रागावू नका, कारण त्याला धरवतच नाही.

भुकेला बळी पडून पोळीचे तुकडे वाढवत नेले की महिन्याभरात वजन वाढतं. नेहमीचं माप तेवढंच ठेवा, हवं तर तीन-चार भागांत द्या आणि वर उकडलेला दुधी, फरसबी, काकडी घाला. तूप, साय, तळलेलं नको, कारण स्टिरॉइडच्या काळात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो (अ‍ॅटोव्हाक्वोन चालू असेल तर त्यासोबत काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारा). पोट सुटणं, मांड्यांचे स्नायू उतरणं, केस विरळ होणं हे अपेक्षित आहे. पण काळी डांबरासारखी शी, लघवीला कुंथणं, कातडीवर कडक पांढरट चट्टे दिसले तर फोन करा.

दुसरं औषध कशासाठी? आणि हातमोजे का सांगितले?

अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिन किंवा लेफ्लुनोमाइड यांपैकी एखादं स्टिरॉइडचा भार कमी करण्यासाठी देतात. कुत्रा फार गंभीर असेल किंवा स्टिरॉइड एकटं पुरत नसेल तेव्हा तर लागतंच. अ‍ॅझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेट एकत्र देत नाहीत, कारण दोन्ही बोनमॅरोवर सारखाच घाव घालतात. डॉक्टर बदलताना जुनी चिठ्ठी सोबत नेण्याचं एक कारण हेही आहे.

अ‍ॅझाथायोप्रिनमध्ये यकृताचा त्रास बहुधा पहिल्या महिन्यात दिसतो, म्हणून पहिले दोन महिने दर दोन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एसजीपीटी. मायकोफेनोलेटमध्ये जुलाब होतात. सायक्लोस्पोरिन रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी द्यायचं असतं. त्यात हिरड्या वाढू शकतात.

अ‍ॅझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेटच्या गोळ्या उघड्या हाताने तोडू नका, कुटू नका. घरात गर्भवती स्त्री असेल तर तिने या गोळ्यांना आणि कुत्र्याच्या लघवी-शीला हात लावू नये. मांजर असेल तर अ‍ॅझाथायोप्रिन तिच्या तोंडात जाणार नाही याची विशेष काळजी घ्या, तिच्यासाठी ते विषच आहे.

रक्त कमी आहे, मग रक्त पातळ करणारी गोळी का?

कारण या आजारात कुत्रे दगावतात ते अनेकदा रक्ताच्या गुठळ्यांमुळे, विशेषतः फुफ्फुसात गुठळी अडकल्याने. पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, त्यामुळे निदान झाल्याबरोबर हे औषध सुरू होतं. क्लोपिडोग्रेल साधारण १ ते ४ मिलिग्रॅम प्रति किलो प्रतिदिन देतात. माणसांची ७५ मिलिग्रॅमची गोळी वापरली जाते: २० किलोला एक किंवा अर्धी, ८ किलोच्या कुत्र्याला पाव. चव कडू असते, म्हणून पनीरच्या किंवा उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यात लपवा. पेढ्यात नको, स्टिरॉइडवर साखर आधीच चढलेली असू शकते.

अचानक धाप लागणं, एक किंवा दोन्ही मागचे पाय थंड पडून लुळे होणं, तोल जाऊन एका बाजूला गोल फिरणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट न पाहता निघा.

घरी रोज काय तपासायचं?

पहिला महिना सकाळ-संध्याकाळ. वरचा ओठ उचलून हिरडी पाहा, दिवसाच्या उजेडात आणि दरवेळी त्याच जागी. बोटाने दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. हिरड्या काळ्या असतील तर डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा. गाढ झोपेत असताना श्वास मोजा. मिनिटाला ३० च्या वर सातत्याने जात असेल तर कळवा. लघवीचा रंग पांढऱ्या फरशीवर किंवा टिश्यूवर टिपून पाहा. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन घ्या. तोंडात किंवा पोटावर लाल-जांभळे ठिपके म्हणजे प्लेटलेट घसरल्याची खूण.

तापाला स्वतःहून औषध नको. कुत्र्याचं शरीर मुळात १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अजिबात नाही. मेलोक्झिकॅमसारखी दुखण्याची गोळी स्टिरॉइडबरोबर दिली तर आतड्याला भोक पडण्याइतका अल्सर होऊ शकतो. पूर्वी लंगडण्यासाठी दिलेली बाटली कपाटात असेल तर ती आजच बाजूला काढा.

बीट, डाळिंब, लोहाचं टॉनिक, गुळवेल, पपईच्या पानांचा रस?

लोह सहसा लागत नाही, कारण फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं आणि पुन्हा वापरलं जातं. आतड्यातून रक्त जात असेल तरच डॉक्टर ते सांगतील. बीट-डाळिंबाने पीसीव्ही वाढत नाही. पपईच्या पानांच्या रसाचाही इथे भरवसा धरू नका.

गुळवेल आणि ‘इम्युनिटी वाढवणारी’ सगळी चूर्णं बंद. आपण महिनोन्‌महिने जी प्रतिकारशक्ती दाबू पाहतोय तिलाच ती डिवचतात. शिवाय गुळवेलीमुळे माणसांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत, आणि या कुत्र्यांच्या यकृतावर आधीच औषधांचा ताण असतो.

कांदा आणि लसूण मात्र अजिबात नको. दोन्ही कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात, शिजवले तरीही. लसणाच्या फोडणीचं वरण, रश्शात बुडवलेली भाकरी, हॉटेलची बिर्याणी, कांदा घालून उकळलेलं चिकनचं पाणी, हे सगळं यात आलं. गोचिडा लागू नयेत म्हणून लसूण चारण्याची पद्धत तर या आजारात सरळ घातक आहे. कच्चं मांस आणि कच्ची अंडीही नकोत, कारण जंतूंशी लढण्याची ताकद आपणच कमी केलेली आहे.

गोचिडांसाठी काय?

अफॉक्सोलॅनर महिन्याने किंवा फ्लुरालॅनर १२ आठवड्यांनी, वजनाप्रमाणे. झटक्यांचा इतिहास असेल तर आधी सांगा. घर विसरू नका: भिंतीच्या भेगा बुजवा, अंथरूण कडक गरम पाण्यात धुवा, फवारणी करताना कुत्र्याला बाहेर ठेवा आणि फरशी वाळल्यावरच आत घ्या. सापडलेली गोचीड बोटाने चिरडू नका.

लस द्यायची वेळ आली आहे.

मोठ्या डोसवर असताना जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत. रेबीजची लस मृत विषाणूची असते, पण तिची वेळही डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. आपल्या देशात रेबीज आहे, त्यामुळे ती कायमची सोडून देणं हा पर्याय नाही. महापालिकेच्या परवान्यासाठी प्रमाणपत्र लागत असेल तर लस का पुढे ढकलली याचं डॉक्टरांचं पत्र घेऊन ठेवा.

फिरायला न्यायचं का?

पीसीव्ही २५ च्या खाली असेपर्यंत फक्त लघवी-शीपुरतं. जिने उचलून. त्यानंतर हळूहळू वाढवा, पण साचलेलं पाणी, कुत्र्यांची गर्दी आणि दुपारचं ऊन टाळा.

औषधं देऊनही पीसीव्ही वर येत नाही. आशा सोडायची का?

इतक्यात नाही. काही कुत्र्यांत हल्ला बोनमॅरोतल्या कोवळ्या पेशींवर होतो आणि तिथे प्रतिसाद यायला काही आठवडेही लागतात. आधी हे तपासतात: संसर्ग राहून गेला का, गाठ आहे का, गोळ्या खरोखर पोटात जातायत का. मग दुसरं औषध जोडणं, माणसांचं इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातून काढलेली प्रतिपिंडं) देणं किंवा प्लीहा काढणं हे पर्याय येतात. इम्युनोग्लोब्युलिन फार महाग आहे. पैसे मर्यादित असतील तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. प्रेडनिसोलोन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि क्लोपिडोग्रेल जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात, आणि उरलेला पैसा रक्त तपासण्यांसाठी राखणं शहाणपणाचं असतं.

आणि सगळं करूनही कुत्रा श्वासासाठी झगडत असेल, तर त्याचा त्रास संपवण्याबद्दल डॉक्टरांना विचारण्यात गैर काही नाही. हा प्रश्न मनात येणाऱ्याचं प्रेम कमी नसतं.

बरा झाल्यावर पुन्हा उलटेल का?

साधारण दहापैकी एक-दोन कुत्र्यांत उलटतो, बहुधा डोस उतरवताना किंवा औषधं थांबल्यानंतरच्या महिन्यांत. औषधं बंद झाल्यावर पीसीव्ही कोणकोणत्या दिवशी तपासायचा याच्या तारखा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. हिरड्या पाहण्याची सवय मात्र कायम ठेवा. मादी असेल तर तिची पिल्लं काढू नका, आणि नसबंदी करायची तर आजार पूर्ण आटोक्यात आल्यावर.

गावी जायचंय, त्याला कुणाकडे ठेवू?

पहिल्या दोन महिन्यांत शक्यतो कुठेच नको. त्यानंतर ठेवलंच तर गोळ्या दिवसाप्रमाणे डब्यांत भरून द्या, नेहमीच्या निरोगी हिरडीचा फोटो त्यांच्या फोनवर पाठवा, आणि कागदावर चार ओळी लिहा: गोळी चुकवायची नाही, कांदा-लसूण नाही, दुखण्याची गोळी नाही, हिरडी पांढरी किंवा लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. त्याखाली रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आणि वहीतल्या शेवटच्या पानाचा फोटो.